बदकांची पारख

कोंबडा कोणता आणि कोंबडी कोणती, हे खेड्यातील मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. डोक्यावरचा लालभडक तुरा, शेपटीची कमानदार पिसे आणि पहाटेची बांग यांनी कोंबडा आपली ओळख आपणच करून देतो. मोर आणि लांडोर यांच्याविषयी तर बोलावयासच नको. परंतु अंगणातून आठदहा पांढरी बदके एका ओळीने डुलत चालली असता, ‘यांतील नर किती आणि माद्या किती, सांगा पाहू!’ असे कोणी विचारले, तर चांगली जाणती माणसेही विचारात पडतात. सर्वांचा रंग एक, चाल एक आणि चोचही एकसारखीच पिवळी. मग पारख करावी तरी कशी?

निसर्गाने बदकांच्या अंगी खुणा ठेवल्या नाहीत, असे नाही. खुणा आहेत, परंतु त्या सर्व एकाच दिवशी प्रकट होत नाहीत. पिल्लू जसजसे वाढते, तसतशी एकेक खूण कानांना ऐकू येऊ लागते किंवा डोळ्यांना दिसू लागते. त्या खुणा कोणत्या, त्या कोणत्या वयात येतात आणि त्यांवर कितपत विसंबावे, हे आपण या पाठात पाहू.

पुणे जिल्ह्यात राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे नावाचे गाव आहे. गडाच्या चोर दरवाजाकडे जाणारी चढणीची वाट याच गावातून निघते. पावसाळ्यात येथे सरींवर सरी कोसळतात, ओढे भरून वाहतात आणि भाताची खाचरे पाण्याने तुडुंब होतात. अशा मुलखात बदकाला हवे ते सारे असते. चिखलातील गांडुळे, गोगलगायी, पाण्यातील किडे व शेवाळ हे त्याचे आवडते अन्न; घरचा भाताचा कोंडा आणि कणी मिळाली की त्याची मेजवानीच होते. समजा, अशा गावातील एखाद्या घरी बदकाची बारा अंडी आणली आणि ती एका खुडूक कोंबडीखाली ठेवली. कोंबडीची स्वतःची अंडी २१ दिवसांत फुटतात. बदकाच्या अंड्यांना २८ दिवस लागतात. बिचारी कोंबडी एक आठवडा अधिक बसते आणि पिवळी, गुबगुबीत पिल्ले बाहेर पडतात. ती पाणी दिसताच त्यात शिरतात आणि काठावर ती कोंबडी कासावीस होऊन येरझारा घालते! घरातील मुलांना या गोष्टीचे मोठे कौतुक वाटते. घरातील वडील माणसांच्या मनात मात्र दुसराच प्रश्न असतो : यांत माद्या किती?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. बदके पाळावयाची ती मुख्यतः अंड्यांसाठी, आणि अंडी देणार ती मादी. मादीला अंडी देण्यासाठी नराची गरज नसते. नर जवळ नसला तरी ती अंडी देतेच. मात्र त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. पिल्ले हवी असतील, तर पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. नर अधिक झाले, तर ते वर्षभर दाणा खातात आणि अंडे एकही देत नाहीत. एवढ्यावर थांबत नाही, तर ते माद्यांच्या मागे लागून त्यांच्या मानेवरची पिसे उपटतात, जखमा करतात आणि पाण्यात त्यांना दाबूनही धरतात. म्हणून जास्तीचे नर वेळीच वेगळे करावे लागतात. परंतु घाईने, अंदाजाने निवड केली तर काय होईल? जी मादी पुढे वर्षभर घराला अंडी देणार, तीच बाजाराच्या पाटीत जाऊन बसेल आणि नर घरी राहील. गेलेली मादी परत येत नाही. यासाठी पारख बिनचूक झाली पाहिजे.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांकडे पाहून मात्र काहीच सांगता येत नाही. सर्वांच्या अंगावर सारखीच मऊ लव असते आणि सर्वांचा आवाज सारखाच बारीक असतो. मोठ्या पैदास केंद्रांत तरबेज माणसे पिल्लाच्या शेपटीखालचा भाग हलकेच दाबून पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखतात. परंतु ते काम शिकलेल्या हातांचे आहे. अजाण हाताने तसे केले, तर कोवळ्या पिल्लाला कायमची इजा होते. म्हणून आपण त्या वाटेस जाऊ नये.

बारा पिल्लांपैकी सहा नर आणि सहा माद्या असतीलच, असेही धरून चालू नये. शेकडो पिल्लांचा हिशेब केला तर दोहोंची संख्या जवळजवळ सारखी भरते. पण एका घरच्या बारा पिल्लांत आठ नर निघाले तरी त्यात नवल नाही. येथे एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. माणसांत मूल मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. पक्ष्यांत याच्या उलट असते. तेथे तो निर्णय मातेकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असतो. म्हणजे पिल्लू नर होणार की मादी, हे अंडे घातले जाण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. आपल्याला ते कळावयास मात्र काही आठवडे थांबावे लागते.

पहिली खूण पिल्लांच्या आवाजात प्रकटते. सुमारे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पिल्लांचा चिवचिवाट सरतो आणि दोन निराळे आवाज ऐकू येऊ लागतात. ‘क्वॅक्, क्वॅक्’ असा जो खणखणीत आवाज आपण बदकाचा म्हणून ओळखतो, तो खरे पाहता मादीचा असतो. नराला तसे ओरडता येत नाही. त्याचा आवाज घसा बसलेल्या माणसासारखा हलका आणि घोगरा असतो. कोंबड्यांच्या खुराड्यात मोठा आवाज कोंबड्याचा. बदकांच्या कळपात मोठा आवाज मादीचा! कोंबड्यांवरून बदकांचा अंदाज बांधणारे येथेच फसतात आणि गलका करणाऱ्या मादीला नर समजून बसतात.

हा भेद कशामुळे होतो? माणसाचे स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी असते. पक्ष्यांचे ध्वनीचे इंद्रिय खाली, श्वासनलिकेला जेथे दोन फाटे फुटतात तेथे असते. नर बदकाच्या या जागी डाव्या बाजूला हाडाचा एक पोकळ फुगा असतो. मादीला तो नसतो. हा फुगा पिल्लू अंड्यात असतानाच तयार होतो आणि जन्मभर तसाच राहतो. म्हणून आवाजाची खूण ऋतूप्रमाणे बदलत नाही आणि पिसांबरोबर गळूनही पडत नाही. सर्व खुणांत ती अधिक भरवशाची मानतात, ती याच कारणाने.

आवाज ऐकण्याची रीत सोपी आहे. कळपात दहा बदके एकदम बोलू लागली, म्हणजे कोण काय बोलले ते समजत नाही. म्हणून संध्याकाळी एकेका बदकाला बाजूला घ्यावे. मानेला किंवा पायाला धरून उचलू नये. दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून, छातीखाली आधार देऊन अलगद उचलावे. क्षणभर कळपापासून दूर नेले, की ते आपल्या सोबत्यांना हाक मारते. मादी असेल तर मोठ्याने ओरडेल. नर असेल तर घोगऱ्या आवाजात कुरकुरेल. एखादे बदक मुळीच बोलत नाही. ते भित्रे असेल, किंवा त्याचा आवाज अजून फुटला नसेल. जे बोलले नाही ते नर, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होय. त्याला आठवड्याने पुन्हा ऐकावे.

दुसरी खूण पिसांची. मात्र ती सर्व जातींत सारखी उपयोगी पडत नाही. रानबदकासारखा रंग असलेल्या जातींत वाढलेल्या नराचे डोके हिरवेगार चमकते, गळ्याभोवती पांढरी कडी असते आणि छाती तांबूस होते; मादी तपकिरी ठिपक्यांची, साधी राहते. परंतु लव जाऊन पहिली पिसे येतात, तेव्हा नर व मादी दोघेही मादीसारखेच दिसतात. नराचे खरे रंग तीन-चार महिन्यांच्या सुमारास उमटतात. चोचीचाही थोडा उपयोग होतो : अशा जातींतील नराची चोच हिरवट पिवळी, तर मादीची नारिंगी, मधूनमधून काळपट डागांची असते. अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेली ‘खाकी कॅम्पबेल’ ही जात इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी तयार केली. त्या जातीची चांगली मादी वर्षाला अडीचशेहून अधिक अंडी देऊ शकते. तिच्यात मादी सर्वांगी खाकी असते, तर नराचे डोके व मान काशाच्या भांड्यासारखी गडद, हिरवट चमकीची असतात. ‘पेकिन’सारख्या पांढऱ्या जातींत मात्र दोघेही पांढरेशुभ्र, तेथे रंग काहीच सांगत नाही.

अशा वेळी शेपटीकडे पाहावे. वाढलेल्या नराच्या शेपटीवर मधोमध दोन ते चार पिसे वर वळून पुढच्या बाजूला गोल मुरडलेली असतात, जणू एखाद्या ऐटबाज गृहस्थाने मिशीला पीळ भरला आहे. मादीच्या शेपटीची पिसे सरळ व सपाट असतात. ही मुरड बहुधा तीन-चार महिन्यांच्या वयात येते आणि पांढऱ्या बदकांतही स्पष्ट दिसते.

या मुरडलेल्या पिसांनी एका थोर शास्त्रज्ञाला मोठी मदत केली. चार्ल्स डार्विन याने पाळीव प्राण्यांविषयी १८६८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पाळीव बदकांच्या निरनिराळ्या जाती कोठून आल्या, हा प्रश्न त्यात त्याने विचारात घेतला. काही बदके बाटलीसारखी उभी चालतात, काहींच्या चोची वाकड्या, काही लहान तर काही थोराड. मग या सर्वांचा पूर्वज एकच कसा? डार्विनने दाखवून दिले की, रानबदकांच्या अनेक जातींपैकी एकाच जातीच्या नराला अशी मुरडलेली पिसे असतात, आणि त्या सर्व पाळीव जातींच्या नरांतही तीच मुरड आढळते. म्हणजे ही सारी एकाच वंशाची लेकरे. ते रानबदक म्हणजे इंग्रजीत ‘मॅलार्ड’ आणि हिंदीत ‘नीलसर’ म्हणून ओळखले जाणारे बदक होय. आपल्या अंगणातील नराच्या शेपटीवरची ती लहानशी मुरड त्याच्या कुळाचीही ओळख सांगते.

परंतु पिसांची साक्ष कधीकधी फसवी असते. विणीचा हंगाम संपला, की नर बदकाची जुनी पिसे झडतात. त्याचे हिरवे डोके जाते, शेपटीची मुरड गळते आणि काही काळ तो मादीसारखा साधा दिसतो. या काळात पंखांतील मोठी पिसेही एकदम झडत असल्यामुळे रानबदकाला काही आठवडे उडता येत नाही. अशा वेळी भडक रंग अंगावर असता, तर तो शत्रूच्या डोळ्यांत भरला असता. नवीन पिसे आली की त्याची ऐट परत येते. ज्याला हे ठाऊक नाही, तो मनुष्य ‘विकणाऱ्याने नर सांगून मादी दिली,’ असे म्हणून निष्कारण भांडण उकरून काढतो. त्याने त्या बदकाचा आवाज ऐकला असता, तर त्याचा संशय तेव्हाच फिटला असता.

याच्या उलट प्रकारही क्वचित घडतो. मादीच्या शरीरात अंडाशयातून एक संप्रेरक रक्तात मिसळत असते. त्याच्या प्रभावामुळे तिची पिसे साधी राहतात. वार्धक्याने किंवा रोगाने अंडाशय निकामी झाले, की तो प्रभाव संपतो आणि पुढच्या पीसझडीनंतर त्या मादीच्या अंगावर नरासारखे रंग व मुरडलेली पिसे येतात! पोशाख नराचा, पण गळा मादीचा, असा तो प्रकार होतो.

दुसऱ्या एका बदकाला मात्र वरील नियम लागू पडत नाहीत. ते म्हणजे ‘मस्कोव्ही’. हे मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील असून त्याचा वंशच निराळा आहे. डोळ्यांभोवती व चोचीच्या मुळाशी लाल, खडबडीत कातडी असल्यामुळे ते चटकन ओळखता येते. यात नराच्या शेपटीला मुरड येत नाही आणि मादी क्वॅक्-क्वॅक् करीत नाही. नर फुसफुसल्यासारखा आवाज काढतो आणि मादी हळू, मंजूळ स्वरात बोलते. येथे खरी खूण आकाराची : पूर्ण वाढलेला नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो आणि त्याच्या तोंडावरची लाल कातडी अधिक मोठी असते. इतर जातींत मात्र अंगलटीवरून निर्णय करू नये. नर थोडा थोराड असतो हे खरे. परंतु चांगला चारा मिळालेली मादी उपाशी नराहून सहज मोठी दिसते.

आपल्याकडील जलाशयांवर राहणारी रानबदके पाहिली, तर ही पारख आणखी मौजेची वाटते. महाराष्ट्रात तळ्यांवर व धरणांच्या पाण्यावर बारा महिने दिसणारे एक बदक आहे. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके असतात. लोकांनी त्याला किती समर्पक नाव दिले आहे पाहा : ‘हळदी-कुंकू’! हळदीकुंकू हे सुवासिनींचे लेणे. या बदकांत मात्र नर आणि मादी दोघेही ते मिरवितात. नराचे ठिपके सहसा काहीसे मोठे असतात, एवढाच फरक. दुरून पाहणाऱ्याला दोघे अगदी एकसारखे वाटतात. पण मोठ्याने ओरडते ती येथेही मादीच, आणि नराचा आवाज येथेही घोगराच असतो. हिवाळ्यात भीमा नदीवरील उजनीच्या जलाशयावर येणारा नारिंगी रंगाचा चक्रवाक घेतला, तर त्यातही नर-मादीचे रूप जवळजवळ सारखे. विणीच्या काळात नराच्या गळ्याभोवती एक बारीक काळी कडी उमटते आणि मादीचे तोंड थोडे फिकट दिसते. तात्पर्य, प्रत्येक जातीची खूण निराळी. एका जातीची खूण दुसऱ्या जातीला लावून चालत नाही.

आता आपल्या त्या बारा पिल्लांकडे पुन्हा वळू. ज्या घरी ती वाढत आहेत, तेथील मुलांनी एक साधी वही करावी. प्रत्येक पिल्लाच्या पायात निराळ्या रंगाचे सैल कडे किंवा दोरा घालावा. पिल्लाचा पाय वाढत असतो, म्हणून दर आठवड्याला तो सैल करावा. नाही तर पायाला काच बसतो. वहीत रंगापुढे तारीख लिहून आवाज कसा, चोच कशी, शेपटी कशी, हे नोंदवावे. सहाव्या आठवड्यापासून आवाजाच्या नोंदी कराव्यात आणि तिसऱ्या महिन्यापासून शेपटीच्या. ज्या बदकाचा आवाज घोगरा आणि शेपटीही मुरडलेली, ते निश्चित नर. ज्याचा आवाज खणखणीत आणि चार महिने उलटून गेले तरी शेपटी सरळ, ती निश्चित मादी. ज्याच्या दोन खुणा एकमेकींशी जुळत नाहीत, त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि आणखी दोन-तीन आठवडे वाट पाहावी. पाचव्या-सहाव्या महिन्यात माद्या अंडी देऊ लागतात, तेव्हा वहीतील नोंदी खऱ्या होत्या की खोट्या, याचा पडताळा आपोआप मिळतो.

एवढा खटाटोप बारा बदकांसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु शास्त्रज्ञ अरण्यात किंवा प्रयोगशाळेत जे करतो, ते याहून फार वेगळे नसते. तोही पाहतो, ऐकतो, टिपून ठेवतो, एका खुणेला दुसऱ्या खुणेचा आधार मिळेपर्यंत निकाल राखून ठेवतो. आपणही एका खुणेवरून कोणत्या मुक्या जीवाचे भवितव्य ठरवू नये. ज्या घरी चार महिने धीर धरून ही वही लिहिली जाईल, त्या घरची अंडी देणारी मादी चुकून बाजारात जाणार नाही.